प्रत्येक रंगीत पेला ‘बेल्जियम’चा नसतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या घरगुती वस्तूंच्या बाजारावर आपल्या रविवार पुरवणीत आलेल्या लेखात केशरी झाक असलेल्या सहा पेल्यांचे छायाचित्र आहे. खाली ओळ आहे, ‘बेल्जियम काच, दीडशे वर्षे जुनी’. विक्रेत्याने सांगितले तेच छापले गेलेले दिसते. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात आणि आता मोबाइलवरच्या विक्रीतही हीच तीन विशेषणे फिरत असतात: बेल्जियम, ब्रिटिशकालीन, अँटिक. छायाचित्रातल्या पेल्यांचा उंच बांधा, बाहेर कललेली कड आणि अंगावरची केशरी झाक पाहता ते आपल्याच देशात, बहुधा फिरोजाबादेत घडलेले आहेत. तसे असेल तर त्यांनी शंभरीही गाठलेली नाही.

बेल्जियममध्ये उत्तम काच होते यात वाद नाही. लिएजजवळचा व्हाल-सँ-लांबेर हा कारखाना १८२६ पासूनचा आहे. पण पेला परदेशी म्हटला की तो कोणी घडवला हे विचारायचेच राहून जाते, आणि इथल्या भट्टीवर राबलेल्या माणसांचे काम दुसऱ्याच्या नावावर जमा होते. आमचा खरा आक्षेप याला आहे. पेल्याचे वय आणि गाव पेल्यावरच वाचता येते, फक्त वाचण्याचा क्रम पाळावा लागतो. आधी घडण, मग रंग, मग खूण आणि सगळ्यात शेवटी नक्षी. बाजारात सगळे नक्षीपासून सुरुवात करतात आणि तिथेच चुकतात, कारण चांगली नक्षी दहा कारखाने उचलतात.

घडण पाहायला फार काही लागत नाही. घड्याळजीचे दहापट मोठे दाखवणारे भिंग, एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा, बारीक अंतर मोजणारे व्हर्निअर आणि स्वच्छ बोट एवढे पुरे. पेला उजेडाकडे धरून बाहेरची नक्षी पाहा आणि तर्जनी आतून फिरवा. बाहेर उंचवटे असून आतली भिंत गुळगुळीत लागली तर पेला दाबून घडवलेला आहे. साच्यात वितळलेल्या काचेचा गोळा टाकायचा आणि वरून दट्ट्या उतरवायचा, अशी ती पद्धत. दट्ट्या गुळगुळीत असतो म्हणून आतली भिंतही गुळगुळीत राहते. हा दट्ट्या पुन्हा वर निघायला हवा, त्यामुळे दाबलेला पेला आतून तोंडाकडे रुंदच होत जातो. मधे फुगलेला आणि तोंडाशी आवळलेला पेला कोणी दाबून घडवलेला म्हणून दाखवला तर एक तर तो फुंकलेला आहे किंवा साच्यातून काढल्यावर पुन्हा तापवून त्याला आकार दिलेला आहे.

बाहेरचा उंचवटा आतून खळग्यासारखा बोटाला लागला तर काच साच्यात फुंकलेली आहे. अशा पेल्याची भिंत पातळ असते आणि एकाच पेल्यात जाडी कमीजास्त होते. साचा दोन किंवा तीन पाकळ्यांचा असल्याने तेवढ्याच उभ्या रेघा अंगावर दिसतात. रेघ अजिबात नसून अंगाभोवती केसासारख्या बारीक आडव्या रेषा दिसल्या, तर फुंकताना काच ओल्या साच्यात गोल फिरवलेली असते, त्यामुळे सांधा पुसला जातो. ‘रेघ नाही म्हणजे हाताने फुंकलेला, म्हणजे जुना’ हे समीकरण म्हणूनच खोटे आहे. पूर्ण हातघडणीच्या पेल्याच्या तळाशी मधोमध लोखंडी दांडी तोडल्याचा खडबडीत वण, किंवा तो घासून काढल्याची उथळ वाटी सापडू शकते.

कड नीट पाहा. आगीत पुन्हा तापवलेली कड गोलसर आणि चकचकीत असते. फुंकलेल्या पेल्याच्या तोंडावर काचेचा जास्तीचा फुगा असतो. तो तोडून कड दगडावर घासली तर ती सपाट, करडी आणि बोटाला किंचित रवाळ लागते. भारतीय पेल्यांत अशी घासलेली कड पुष्कळदा दिसते आणि ग्राहकाला वाटते की टवका लपवला आहे. फरक असा ओळखा. कारखान्यातच घासलेली असेल तर कडेपासून नक्षीच्या वरच्या ओळीपर्यंतचे अंतर सगळीकडून सारखे भरते आणि संचातले इतर पेलेही त्याच उंचीचे असतात. टवका काढायला नंतर घासलेला पेला आपल्या भावंडांपेक्षा दोन-तीन मिलिमीटरने ठेंगणा निघतो. व्हर्निअर लागते ते याच कामाला.

तळाला एक ते तीन सेंटिमीटरची रेघ दिसली म्हणून पेला टाकून देऊ नका. वितळलेला गोळा कात्रीने कापताना तिथली काच क्षणभर गार होते आणि तो वण तळाशी उमटतो. नख फिरवले तर अडत नाही आणि पेला तिरका केला तरी रेघ चमकत नाही. खरी चीर मात्र एका कोनात चांदीच्या तारेसारखी लखलखते. अंगावर पाण्याच्या लहरींसारख्या सुरकुत्या असतील तर साचा पुरेसा तापायच्या आत काच टाकलेली होती. हा घडणीतला दोष आहे. तो लहान कारखान्याच्या मालात जास्त दिसतो, पण त्यावरून वय काढता येत नाही.

शिसे असलेली काच आणि साधी सोडा-चुन्याची काच यांतला भेद कानाने सांगणारे पुष्कळ भेटतात. टिचकीचा नाद भिंतीच्या जाडीवर आणि आकारावरही अवलंबून असल्यामुळे आम्ही त्यावर विसंबत नाही. घनता काढणे सोपे आहे. कोरडा पेला तोला, समजा २३० ग्रॅम भरला. मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन ते काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. पेला दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, मात्र तो पातेल्याच्या तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. आत हवा अडकली असेल तर तिरका करून काढून टाका, नाहीतर आकडा फुगतो. काट्यावर ९२ दिसले तर २३० भागिले ९२, म्हणजे अडीच. अडीचच्या आसपासची काच साधी. उत्तर तीनच्या जवळ किंवा वर गेले तर भरपूर शिसे आहे, आणि असा पेला घासलेल्या, कापीव कामाचा असण्याची शक्यता वाढते. बाजारात ‘क्रिस्टल’ म्हणून मिळणारे बहुतेक रंगीत पेले अडीचवरच थांबतात.

हाच काटा मापालाही उपयोगी पडतो. पेला काठोकाठ भरून पाण्याचे वजन घ्या. जितके ग्रॅम तितके मिलिलिटर. २६६ च्या जवळ आला तर अमेरिकी नऊ औंसांचा आणि २८४ आला तर ब्रिटिश अर्ध्या पाइंटाचा विचार करायला जागा आहे. त्या मापाचे पेले इतरत्रही होत असल्याने हा नुसता इशारा समजावा.

आता रंग. कोबाल्ट अगदी थोडा पडला तरी काच गर्द निळी होते. तांब्याने निळसर हिरवी, क्रोमियमने पानासारखी हिरवी आणि लोह, गंधक व कोळसा एकत्र आले की चहासारखी तपकिरी. लाल रंग सगळ्यांत कठीण. तो सोन्याने, तांब्याने किंवा सेलेनियम-कॅडमियमने येतो. सेलेनियमचा लाल रंग काच दुसऱ्यांदा तापवल्यावर उमलतो आणि उष्णता सगळीकडे सारखी पोचली नाही तर जाड तळाशी किंवा कडेला पिवळा-नारिंगी पट्टा राहतो. तो पट्टा मुद्दाम केलेले काम नाही, पण रंग कोणत्या रसायनाचा आहे ते त्यावरून कळते. उन्हात फिकट जांभळा दिसणारा पेला ट्यूबलाइटखाली निळसर झाला तर त्यात निओडिमियम हा धातू आहे. अशी काच १९२० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आली, तेव्हा ती ‘व्हिक्टोरियन’ असू शकत नाही.

रंग काचेत आहे की काचेवर आहे हे आधी पाहा. कडेवरून सरळ खाली नजर टाका. आरपार रंग असेल तर कड सगळ्यांत गडद दिसते. वरून फवारलेला असेल तर कडेच्या आत पारदर्शक काच दिसते. नेलपॉलिश काढायच्या द्रावणात कापसाची काडी बुडवून तळाच्या कडेला, जिथे दिसणार नाही तिथे, हलके फिरवा. कापूस रंगला तर तो लॅकर आहे आणि बहुधा अलीकडचा. सोनेरी पट्टी किंवा फुले असतील तर तिथे हा प्रयोग करू नका.

नोटा तपासायचा जांभळा टॉर्च अंधारात मारला की काही पेले पोपटी उजळतात. ते युरेनियम. काचेत युरेनियम घालण्याची पद्धत १८३० च्या दशकापासूनची आहे आणि आजही असा माल होतो, म्हणून उजळला म्हणजे जुना असे नाही. मँगनीजही हिरवट उजळते, पण मंद आणि मळकट. कॅडमियम पिवळे-नारिंगी उजळते. या परीक्षेचा बोलबाला तिच्या योग्यतेपेक्षा जास्त आहे.

केशरी झाक असलेल्या पेल्यांकडे परत येतो, कारण महाराष्ट्रातल्या घरांत आणि बाजारांत गैरसमज सर्वाधिक त्यांच्याबद्दलच आहे. पेला गरम असतानाच त्यावर धातूच्या क्षारांचे द्रावण फवारतात. लोहाच्या क्षाराने रंगहीन काचेवर सोनेरी-केशरी झाक येते आणि कथिलाच्या क्षाराने फिकट इंद्रधनुषी. तेलाचा तवंग पाण्यावर रंग दाखवतो तसाच हा अतिपातळ थराचा रंग. अमेरिकेत फेंटन कारखान्याने १९०७ मध्ये दाबून घडवलेल्या काचेवर हा माल काढला, पुढे संग्राहकांनी त्याला ‘कार्निव्हल’ काच म्हटले. अमेरिकी पेले बहुधा दाबलेले, जाड आणि आतून गुळगुळीत. भारतीय पेले पुष्कळसे साच्यात फुंकलेले, हाताला हलके, उंच, बाहेर कललेल्या आणि घासलेल्या कडेचे. नुसते बोट आतून फिरवले तरी यातले बरेचसे प्रश्न सुटतात.

फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्सने असे पेले आणि फुलदाण्या मोठ्या प्रमाणावर केल्या. काहींच्या तळाच्या नक्षीत इंग्रजी ठळक अक्षरांत ‘जैन’ हे नाव साच्यातूनच उठवलेले असते. पेला पालथा करून दिवा आतून धरला की ते वाचता येते. हाच कारखाना काही भाग धुरकट आणि काही भाग झळाळता ठेवत असे, तोही एक धागा आहे. कारखाना १९२८ साली सुरू झाला, म्हणजे त्याचा कोणताही पेला दीडशे वर्षांचा असणे शक्य नाही. आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यातही अशा वस्तूला किमान शंभर वर्षांची अट आहे. ‘अँटिक’ शब्द छापण्यापूर्वी एवढी वजाबाकी करावी ही विनंती.

खुणेविषयी दोन गोष्टी विसरू नयेत. तळावरचा सुटा आकडा बहुतेक वेळा साच्याचा क्रमांक असतो, साल नव्हे. ड्युरालेक्स या फ्रेंच कंपनीच्या पेल्याच्या तळावरचा आकडाही असाच. ड्युरालेक्स हे नाव १९४५ नंतरचे आणि त्याचा कंगोरेदार पिकार्दी पेला १९५४ चा, हे लक्षात असले की ‘आजोबांच्या लग्नातला’ वगैरे दावे तपासता येतात. ही काच कडक केलेली असते. लॅपटॉपचा पांढरा पडदा लावून त्यासमोर पेला धरा आणि पोलराइज्ड गॉगलमधून पाहा, काचेत काळे-पांढरे डाग तरंगताना दिसतील. नीट थंड न केलेल्या साध्या काचेतही थोडेफार ताण दिसतात, पण कडक काचेतले आकृतिबद्ध असतात.

दुसरी गोष्ट देशाच्या नावाची. ‘चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर १९१८ ते १९९२. ‘निप्पॉन’ असेल तर साधारण १९२१ पूर्वी, नंतर ‘जपान’. ‘पश्चिम जर्मनी’ असेल तर १९४९ ते १९९०. ब्रिटिश पेल्यावर ‘आरडी’ अक्षरे आणि आकडा असेल तर नक्षीची नोंदणी १८८४ किंवा नंतरची. साडेतीन लाखांच्या आसपासचा आकडा १९०० च्या सुमाराचा, साडेपाच लाखांचा १९१० च्या. हे साल नोंदणीचे आहे. लोखंडी साचा वीस-वीस वर्षे वापरात राहतो, म्हणून पेला त्याहून बराच अलीकडचा असू शकतो. मोराच्या डोक्याची बारीक खूण दिसली तर तो इंग्लंडमधल्या गेट्सहेडच्या सॉवर्बी कारखान्याचा, १८७६ पासूनचा.

अमेरिकेतले मराठी वाचक तिथल्या जुन्या सामानाच्या दुकानांतून गुलाबी, हिरवे, मधाच्या रंगाचे पेले घेतात, त्यांच्यासाठी थोडेसे. १९२९ च्या मंदीनंतर यंत्रावर काढलेला हा स्वस्त माल बहुतांशी बिनखुणेचा आहे. मोठ्या ‘एच’खाली लहान ‘ए’ म्हणजे हेझल-ॲटलस, ढालीत ‘एफ’ म्हणजे फेडरल. नांगरावर ‘एच’ म्हणजे अँकर हॉकिंग, आणि ती कंपनीच १९३७ च्या विलीनीकरणातून झाली. फेडरलची ‘माद्रिद’ नक्षी १९३२ ते १९३९ मधली. ती १९७६ मध्ये पुन्हा काढली तेव्हा नक्षीतच ‘७६’ कोरलेले होते. पुढे साचे इंडियाना कंपनीकडे गेले, तिने तो आकडा काढून टाकला आणि इतर रंगांत माल आणला. म्हणून ‘७६’ नाही याचा अर्थ १९३२ चा असा होत नाही. लंबवर्तुळात ‘फेंटन’ असेल तर पेला १९७० नंतरचा, सोबत बारीक ८ असेल तर ऐंशीच्या दशकातला.

खोके मिळाले तर ते पेल्याहून जास्त बोलते. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. त्याआधी ‘मुंबई ४’, ‘पुणे २’ असे विभाग असत. ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४. कमाल किरकोळ किंमत छापलेली असेल तर १९९० नंतरचे. मात्र खोके आणि पेले एकमेकांचे आहेत का हे मापून पाहा. दुसऱ्याच पेल्यांना जुने खोके जोडण्याचे प्रकार होतात.

झिजेची खोटी परीक्षा फार चालते, म्हणून ती नीट सांगतो. कार्बन पेपर काळी बाजू वर करून टेबलावर पसरा, त्यावर पेला ठेवून अलगद फिरवा. तळाला जिथे काळे लागले तेवढाच भाग आयुष्यभर टेबलाला टेकला आहे. चरे फक्त तिथेच, बारीक आणि वाटेल त्या दिशेला गेलेले असायला हवेत. खोलगट भागातही चरे असतील किंवा सगळे एकाच दिशेने समांतर असतील, तर सँडपेपर फिरला आहे. पांढुरका थर वयाचा पुरावा नाही. व्हिनेगरने निघाला तर पाण्यातला चुना. ओले केल्यावर दिसेनासा होऊन वाळल्यावर परत आला तर काच झिजली आहे, आणि ते डिशवॉशरमध्ये थोड्या काळातही होते. झाक असलेल्या पेल्यावर तारेची घासणी आणि तीव्र आम्ल वापरू नका, थर जातो तो कायमचा. कपाटातून काढलेल्या गार पेल्यात उकळते पाणी ओतू नका. जुन्या जाड तळाच्या पेल्याची आतली बाजू आधी फुगते, बाहेरची मागे राहते आणि बूड गोल सुटून येते.

एवढे करूनही भारतीय पेल्यांपैकी अनेकांचे गाव ठरत नाही, आणि त्याचे कारण आपणच आहोत. तळेगाव दाभाडे येथे अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून १९०८ मध्ये काच कारखाना उभा राहिला. लोकांनी एकेक पैसा देऊन उभारलेला तो कारखाना होता, आणि जपान-अमेरिकेत काचेचे शिक्षण घेऊन आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तो चालवला. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला १९१६ मध्ये ओगल्यांचा कारखाना सुरू झाला, त्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी होता. अमेरिकी पेल्यांच्या नक्ष्यांच्या याद्या, साच्यांचे आकडे, मालाची चित्रे छापून झाली आहेत. आपल्याकडे तसे काही हाताशी नाही. जे आहे ते माळ्यावरच्या ट्रंकांत आहे: दरपत्रके, दुकानदारांची बिले, छापील चिठ्ठ्या असलेली खोकी.

आपल्या वृत्तपत्राच्या जुन्या अंकांत काच कारखान्यांच्या जाहिराती असतील. त्या काढून एखाद्या रविवारी पानभर छापाव्यात, चित्रांसह. वाचकांनाही विनंती आहे की घरात तळेगावचे, ओगलेवाडीचे, फिरोजाबादचे कागद असतील तर रद्दीत घालण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे आपल्या कार्यालयाकडे पाठवावीत. पेले असतील तर प्रत्येकाची चार छायाचित्रे लागतील: अंगाचे, कडेचे, दिवा आतून धरून तळाचे आणि शेजारी मोजपट्टी ठेवून पूर्ण उंचीचे. सोबत वजन, काठोकाठ मावणारे पाणी, अंगावरच्या उभ्या रेघांची संख्या आणि पेला घरात कोणत्या गावाहून आला एवढे लिहावे. छायाचित्र खिडकीच्या उजेडात, मागे पांढरा कागद लावून घ्यावे. पिवळ्या बल्बखाली केशरी आणि तपकिरी यांतला फरक राहत नाही.

आपले,
जुन्या काचसामानाचे काही अभ्यासक, पुणे